रिछाईतला काटा

जबलपूरला बदली झाली की जुन्या फौजी माणसाची पावलं कधीतरी रिछाईकडे वळतातच. याच भागात १९६९ पासून व्हेईकल फॅक्टरी आहे. शक्तिमान, जोंगा, निसानची एकटनी. आपल्यापैकी अनेकांच्या कमरेला जो कायमचा ठणका आहे, त्याचं माहेर हेच! आता भोवती छोटे कारखाने आणि गॅरेजं आहेत. कुठे तरी कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर हमखास भेटतो.

माझ्या जुन्या डिझेल गाडीत टर्बोचा दाब दाखवणारा काटा कंपनीकडूनच बसवलेला आहे. गेले महिनाभर तो ०.२ बारच्या पुढे जाईना. एका मोठ्या वर्कशॉपने निदान केलं, "टर्बो गेला, बदला." आकडा ऐकून सौ.ने दिवाळीला रेल्वेने गावी जायचा प्रस्ताव मांडला.

रिछाईतल्या मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडण्याआधी एकच विचारलं, "साब, चढाई पे दम कम हुआ क्या?" नाही. काळा धूर? नाही. "फिर पहले काँटे से पूछेंगे."

इंजिनच्या हवेच्या पाइपातून एक बारीक नळी काट्यापर्यंत येते. काट्यात पितळेची वाकडी, पोकळ नळी असते. दाब वाढला की ती थोडी सरळ होते आणि दातेरी चाकातून काटा फिरवते. काकांनी बारीक नळी तपासली, कुठे चीर नव्हती. मग टी-जोड लावून एका बाजूला आमचा काटा, दुसऱ्या बाजूला खात्रीचा गेज, आणि सायकलच्या पंपाने हळूहळू हवा. खात्रीचा गेज ०.८ वर, आमचा ०.२ वरच. टर्बो निर्दोष सुटला.

नवा काटा त्याच मापाचा, त्याच खाचेत बसला. जुना दिवाही चालला. नळी एक्झॉस्टपासून लांब नेली, पत्र्यातून येते तिथे रबरी बुच घातलं, आणि कुठेही मुडपू दिली नाही. सगळं मिळून दीड तास.

एक गोष्ट डोंगरात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. असा काटा बाहेरच्या हवेपेक्षा *किती जास्त* दाब आहे तेवढंच सांगतो. लेहला, ३५०० मीटरवर, बाहेरची हवाच समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. तिथे काटा १ बार दाखवेल, पण इंजिनला मिळणारी हवा इथल्यापेक्षा कमीच असेल. काटा खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलं तेवढंच सांगतो.

याच्या उलट प्रसंगही मी पाहिला आहे. कॅप्टन असताना एका थंड पहाटे कॉन्व्हॉय निघायच्या वेळी सांगलीकडचा आमचा एक ड्रायव्हर हलेना. ब्रेकच्या हवेचा काटा वर येत नव्हता. मागून हॉर्न, पुढे वेळेचं गेट. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, काटा वर आल्याशिवाय गाडी हलणार नाही." मी कॉन्व्हॉय थांबवला. खाली वाकून पाहिलं तर टाकीजवळचा एक जोड हवा सोडत होता. पुढे चौदा किलोमीटर उतार होता, आणि गाडीत मागे वीस जवान बसले होते.

दोघांचीही रीत एकच. काटा काय सांगतो ते ऐकायचं, पण कुणी बिघडलं आहे हे स्वतः वाकून पाहायचं. दिवाळीला आम्ही गाडीनेच निघतोय.