गांडूळ ओढणारा बगळा

सावंतवाडी,
२२ जून

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा व्हिडिओ पाहिला, काकूलाही दाखवला. शंका नको, तो मलायन रातबगळाच. तांबूस मान, मागे झुकलेला काळा तुरा, डोळ्यांपुढची निळसर कातडी, आखूड जाड चोच, सगळं जुळतंय. तुझा राग पुस्तकावर आहे. त्यात लिहिलंय की हा दाट रानातला, बुजरा, अंधारात वावरणारा पक्षी. आणि तुमच्या तैपेईत तो भरदुपारी बागेतल्या हिरवळीवर लोकांच्या पायांत फिरतोय.

पुस्तकातली माहिती कुणी, कशी गोळा केली ते आधी ऐक. या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १८२२ साली छापून आलं, थॉमस स्टॅम्फर्ड रॅफल्सच्या नावानं. सिंगापूर वसवणारा तोच. तेव्हा तो सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बेंकूलनला ईस्ट इंडिया कंपनीचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. प्राणी-पक्षी जमवायला त्यानं दियार आणि द्युव्होसेल हे दोन फ्रेंच तरुण नेमले. त्यांच्याशी बिनसलं तेव्हा बराचसा संग्रह स्वतःकडे ठेवून त्याची यादी त्यानंच लिहिली. अशा यादीत एका पक्ष्याच्या वाट्याला येणार त्या मोजक्या ओळी. आकार, रंग, तुरा. पुढ्यात पेंढा भरायचं कातडं असल्यावर माणूस दुसरं काय लिहिणार? त्यावरून पक्षी कधी ओरडतो, काय खातो, हे कळत नाही. पुढे १८२४ च्या फेब्रुवारीत मायदेशी निघालेल्या त्याच्या ‘फेम’ जहाजाला आग लागली आणि नंतर जमवलेले नमुने, चित्रं, टिपणं सगळं भस्मसात झालं.

सवयींची माहिती त्यानंतर शिकारी आणि अंडी जमवणाऱ्यांकडून हळूहळू साचत गेली. ही माणसं रानात घुसायची, पक्षी झुडपातून उठून दिसेनासा व्हायचा, आणि वहीत ‘बुजरा’ असा शेरा पडायचा. बंदूक घेऊन आलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार होतं?

आपल्या सह्याद्रीत याची वीण पावसाळ्यातली. ओढ्याकाठच्या दाट झाडीत फांदीवर काटक्यांचं घरटं. दिसतो क्वचित, ऐकू मात्र येतो. तिन्हीसांजेला वहाळाच्या अंगानं हूं... हूं... असा खोल, एकसुरी हुंकार, मध्ये दीड-दोन सेकंद सोडून. घुबड असेल म्हणून लोक लक्ष देत नाहीत. अवचित गाठ पडलीच तर पळत नाही. चोच आभाळाकडे करून मान ताणतो आणि खुंटासारखा उभा राहतो. पालापाचोळ्यात, झाडांच्या सावलीत तो खरोखर दिसत नाही.

आता तुझा व्हिडिओ आठव. सायकल जवळून गेली तेव्हा तिथल्या बगळ्यानंही हेच केलं! रानात ज्या युक्तीनं तो नाहीसा होतो, तीच युक्ती उघड्या हिरवळीवर त्याला पुतळा करून ठेवते. तैवानची माणसं त्याला प्रेमानं ‘मोठा बावळट पक्षी’ म्हणतात ते त्यामुळेच. त्याचा स्वभाव पालटलेला नाही, पायाखालची जमीन पालटली आहे. तिथे गवताखाली माती ओली, गांडुळं मुबलक, आणि त्याच्यावर दगड उचलणारं कुणी नाही. मग अंधाराची वाट कशाला बघायची?

शेवटचा भाग तर मी पुन्हा पुन्हा पाहिला. पाय रोवलेले, धड स्थिर, फक्त मान डोलतेय. मग चोच खाली जाते, गांडुळाचं टोक चिमटीत येतं. हिसडा देत नाही. गांडूळ बिळात घट्ट झालं की हाही थांबतो. ते सैल पडलं की तेवढंच ओढतो. अखेर अख्खं गांडूळ बाहेर. हिसडलं असतं तर अर्धं मातीतच राहिलं असतं.

म्हणून सांगतो, नुसते फोटो साठवू नकोस. वेळ लिही, ऊन होतं की पाऊस ते लिही, किती गांडुळं तुटली तेही लिही. पाऊस पडून गेल्यावर तो जास्त चरतो की माळ्यानं पाणी दिल्यावर, एवढं तर पुढच्या पत्रात कळवच. रॅफल्सला हे कळणं शक्य नव्हतं आणि मला इथल्या झाडीत ते दिसत नाही. तुला रोज कॉलेजला जाताना दिसतं.

तुझा,
बापूकाका