मुलासाठी गाडी घेताना

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला चांगला भाव मिळाला की घरातला तरुण मुलगा वेगाच्या मोटारसायकलीचा हट्ट धरतो. हौस वाईट नाही. जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्या मीही फटफटीवरूनच पालथ्या घातल्या आणि डिंभ्यापुढच्या वळणांवर गाडीची मजाही घेतली.

पण गाडी वेगावर नव्हे, ब्रेकवर पारखावी. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. त्यामुळे माळशेजच्या पावसात ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होत नाही. काही गाड्यांत ते पुढच्याच चाकाला असते, विचारून घ्या. रोजच्या कामाला आणि हौसेला १५० सीसी पुष्कळ झाली.

मागच्या सीटवर आईला बसवून पाहा. तिला धड बसता येत नसेल, तर ती गाडी घराच्या उपयोगाची नाही. दिव्याचा उजेडही पाहा. आपल्याकडे रात्री उसातून बिबट्या रस्त्यावर येतो.

दोन हेल्मेटचे पैसे गाडीच्या किमतीतच धरा. पिकाचे नुकसान पुढच्या हंगामात भरून निघते. पोराच्या जिवाचे निघत नाही.