हुपरीची चांदी, टेक्सासचा गाळा

आज गाळ्याचं पहिलं भाडं भरलं. इथल्या व्हेंडर मॉलची पद्धत मला मनापासून आवडली. एका छपराखाली अनेकांचे छोटे गाळे. आपण माल मांडायचा, चिठ्ठीवर किंमत आणि गाळा क्रमांक लिहायचा, घरी यायचं. पैसे सामाईक काउंटरवर जमा होतात, मॉल आपलं कमिशन कापून बाकीचे देतो. नोकरी सांभाळणाऱ्या बाईला याहून सोयीचं दुकान नाही.

सेल्स टॅक्सचा परवाना टेक्सासमध्ये फुकट मिळतो. राज्याचा कर ६.२५ टक्के, स्थानिक धरून जास्तीत जास्त ८.२५.

खरा जीव गुंतलाय तो मालात. हुपरीची चांदीची पैंजणं, कोल्हापुरी ठुशी, मोत्यांची नथ, सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं. गिऱ्हाईक येईल तेव्हा मी तिथे नसेन, म्हणून वस्तूनेच बोलायला हवं. रात्री बसून कार्डं लिहिली: नथ चापाचीही मिळते, नाक टोचलेलं नसलं तरी चालते, ठुशी गळ्यालगत घालतात, चांदी कुठली, मुलामा कशावर. निकेलने अनेकांच्या कातडीला खाज येते, तेही स्पष्ट लिहिलं. ‘एथनिक’ एवढंच लिहून मोकळं होणं मला पटत नाही. हुपरीत घरोघरी चांदीकाम चालतं, तर त्या गावाचं नाव गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे.

भाडं, कमिशन, कुरिअर धरून नफा थोडाच उरेल. तरी कारागिराच्या मजुरीत मी घासाघीस करणार नाही.