चार दिवसांतून एकदा तेल



माझ्या काळ्या ट्रंकेत एक वही आहे. कडा कुरतडलेल्या, पहिली चार पानं पाण्यानं फुगलेली. तिची सुरुवात वरच्या पोस्टवर झाली. रात्रीच्या संत्री ड्यूटीला झोप येऊ नये म्हणून मी आणि माझा जोडीदार एकमेकांना प्रश्न घालायचो. शुक्रावर दिवस मोठा की वर्ष? (दिवस! स्वतःभोवती एक फेरी २४३ दिवसांत, सूर्याभोवती २२५ दिवसांत.) ऑक्टोपसला हृदयं किती? तीन. जन्मलेल्या बाळाची हाडं सुमारे ३००, मग आपली २०६च कशी? वाढताना ती एकमेकांत जुळतात. जो चुकेल त्यानं सकाळी स्टोव्ह पेटवायचा. त्या उंचीवर पाणी ८०-८२ अंशांनाच उकळतं आणि डाळ काही केल्या शिजत नाही, हे मात्र वहीत लिहावं लागलं नाही.

पुढे हवालदार झालो आणि एनसीसीचा इन्स्ट्रक्टर म्हणून तंजावरला पोस्टिंग आली. गावाकडे सगळे म्हणाले, अरे वा, आपल्या भोसल्यांचं तंजावर! मीही त्याच तोऱ्यात गेलो. पहिल्याच रविवारी बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवरचा मराठी शिलालेख पाहिला. १८०३ साली सरफोजीराजांनी कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास. हजार किलोमीटरवर दगडात आपली अक्षरं बघून अंगावर काटा आला. खाली उतरून वहीत लिहिलं : जगातला सर्वांत मोठा शिलालेख.

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर साधारण पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. तिथल्या एका शाळेत आठवड्यातून एकदा परेड घ्यायला जायचो. मुलांना हिंदी येत नाही, पण सावधान-विश्राम अगदी खणखणीत. बाकीचं बोलणं माझ्या मोडक्या तमिळमध्ये आणि त्यांच्या मोडक्या इंग्रजीत. परेड संपली की वही काढायचो. पोरं खूश. एकदा मोठ्या ऐटीत विचारलं, जगातला सर्वांत मोठा शिलालेख कुठे? उत्तर मीच दिलं, तंजावर, मराठी!

मागच्या रांगेतला एक काटकुळा कॅडेट हात वर करून म्हणाला, "सर, बर्मा."

त्याचे पणजोबा ब्रह्मदेशातून परत आलेले. त्यांच्या घरात मंडालेचा एक जुना फोटो होता : कुथोडॉ पॅगोडा. तिथे संगमरवराच्या ७२९ शिळांवर, दोन्ही बाजूंनी, सगळं त्रिपिटक कोरलं आहे. काम १८६८ला पुरं झालं. लोक त्याला जगातलं सर्वांत मोठं पुस्तक म्हणतात. मी म्हटलं, तपासून सांगतो. तपासलं, पोरगं बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर तसं सांगितलं आणि वहीतली ओळ लाल पेननं खोडली. खरं सांगतो, जड गेलं. वरिष्ठासमोर चूक कबूल करणं सोपं, चौदा वर्षांच्या मुलासमोर नाही.

हे सगळं बघत होते शाळेतले इतिहासाचे मास्तर. ते हसून म्हणाले, "सर, मोठं कशाला शोधता? आमच्या गावातलं छत्र पाहिलंत का?"

पाहिलं नव्हतं! दर आठवड्याला बसमधून त्याच्या जवळून जात होतो.

मुक्तांबाळ छत्र. सरफोजीराजांचं मुक्तांबाळवर प्रेम होतं. ती लवकर गेली. जाताना तिनं मागितलं ते एवढंच, की माझ्या नावानं अन्नछत्र घाला. १८०२ साली ते उभं राहिलं, म्हणून या गावाला मुक्तांबाळपुरम असंही नाव पडलं. हा रामेश्वरच्या यात्रेचा रस्ता. आपल्याकडची माणसंही काशीची गंगा घेऊन याच वाटेनं चालत जायची. इमारत दगडी, जोत्यावर रथ ओढणारे घोडे आणि हत्ती कोरलेले. इथल्या शाळेत १५ शिक्षक ४६४ मुलांना सकाळ-संध्याकाळ शिकवत, अशी नोंद आहे. याच राजानं 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं मराठी नाटक लिहिलं. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी बाई. तिच्या तोंडून त्यानं जगाचा भूगोल सांगितला आहे. म्हणजे सामान्य ज्ञानाची वही ठेवणारा मी काही पहिला मराठी माणूस नव्हे.

मास्तरांनी एका पत्राची झेरॉक्स दिली. १७९९ साली राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. हातात किल्ला आणि तनखा उरला. त्यानंतर १८०१ साली सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला या रस्त्यावरच्या छत्रांबद्दल लिहिलेलं ते पत्र. इंग्रजी जुनं, डिक्शनरी घेऊन दोन रात्री वाचलं. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत येईल त्याला जेवण. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करायचा, कोणी उपाशी राहिलं असेल तर यावं. आजारी वाटसरूला औषधपाणी. बाई तिथे बाळंत झाली तर तीन महिने राहण्याची मुभा. आणि अनाथ मुलं : त्यांना मास्तरांच्या हवाली करायचं, तीन वेळा जेवू घालायचं, कपडे द्यायचे, आवडेल ती विद्या शिकवायची, आणि चार दिवसांतून एकदा अंगाला तेल लावायचं.

मी तिथे थांबलो.

मी आठ वर्षांचा असताना आई-वडील दोघंही गेले. चुलत्यानं एका वसतिगृहात घातलं. गावाचं नाव सांगत नाही. दोन वेळा आमटी-भाकरी मिळायची, शिकायला मिळालं, तक्रार नाही. पण थंडीत टाचा फुटून रक्त यायचं, डोक्याचं रान झालेलं, आणि सात वर्षांत कुणी तेलाचं बोट लावलं नाही. शाळेत शेजारच्या मुलाच्या केसांना खोबरेल तेलाचा वास यायचा, म्हणून मी बाकावर त्याच्याजवळ सरकून बसायचो. हे आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. भरतीच्या दिवशी मेडिकलला डॉक्टरसाहेबांनी टाचा बघून विचारलं होतं, काय रे, चप्पल नव्हती का?

आणि इथे एक राजा, राज्य गेलेला, परक्या साहेबाला लिहिताना तेलाचा हिशोब विसरला नव्हता. किती मुलं, किती तेल, पत्रात आकडा नाही. फक्त चार दिवस.

पुढच्या परेडनंतर पोरांनी विचारलं, "सर, क्वेश्चन?" मी ही घंटेची गोष्ट सांगितली. त्यांना नवल वाटलं नाही, आजीकडून ऐकलेली होती. बर्मावाल्यानं उलट मलाच विचारलं, "सर, तुमच्या गावात अशी घंटा आहे?" मी नाही म्हणालो.

कोणी रामेश्वरला निघालात तर तंजावरहून पट्टुकोट्टैची बस धरा आणि ओरत्तनाडुला उतरा. मी पाहिली तेव्हा इमारतीची रया गेली होती, कुठे कुठे झाडं उगवली होती. जोत्यावरचे घोडे मात्र बघाच.

जय हिंद.