आखाड्यातली ॲगनी

इंग्रजीत हल्ली दाढ दुखली तरी ‘ॲगनी’ होते. अतिदक्षता विभागात आम्ही त्याचं विशेषण, ‘ॲगोनल’, केसपेपरवर लिहितो ते मात्र फक्त शेवटच्या श्वासांसाठी. आणि त्या वेळी रोग्याला दुखतंय, असं आम्हाला मुळीच म्हणायचं नसतं.

शब्द मूळचा ग्रीक. ‘अगोन’ म्हणजे जमाव, आणि ज्यासाठी तो जमायचा ती चढाओढ: ऑलिंपियाची कुस्ती, रथांची शर्यत. त्यातून ‘अगोनिया’, झुंजणाऱ्याच्या जिवाची घालमेल. ल्यूकच्या शुभवर्तमानात, पकडला जाण्यापूर्वी जैतुनाच्या डोंगरावर प्रार्थना करणाऱ्या येशूसाठी हा शब्द आला आणि लॅटिन-फ्रेंचमार्गे इंग्रजीत रुजला. शरीराची असह्य वेदना हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. मिल्टनच्या ‘सॅमसन ॲगनिस्टीज’ (१६७१) या शीर्षकातला सॅमसन कण्हत नाही, तो झुंजार आहे. कोपर वाकवताना बायसेप्सला आम्ही ‘ॲगनिस्ट’ म्हणतो, ट्रायसेप्सला ‘अँटॅगनिस्ट’. दुखत दोघांनाही नसतं.

‘ॲगोनल’ श्वासाचंही तेच. हृदय बंद पडलं की काही सेकंदांत शुद्ध हरपते. ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, मात्र थोडा वेळ धुगधुगी राहू शकते. तिच्या जोरावर जबडा उघडतो, मान ताणली जाते, घोरल्यासारखा आवाज करत एक श्वास आत ओढला जातो. मग लांब खंड. पुन्हा एक. आपल्याकडे याला ‘आचके’ म्हणतात, आणि ‘ॲगोनल’पेक्षा मला तो शब्द नेमका वाटतो. घरघर निराळी, ती घशात साठलेल्या स्रावाची. पडद्याआडून नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर, त्यांना फार त्रास होतोय का हो?’ त्रास बघणाऱ्याला होत असतो. आचके देणारा शुद्धीवर नसतो.

घोटाळा होतो तो घरी आणि रस्त्यावर. माणूस कोसळतो, आचके देतो, आणि भोवतीचे म्हणतात, ‘श्वास चालू आहे.’ मग कुणी पाणी पाजतं, कुणी कांदा हुंगवतं आणि हाताशी असलेली मोजकी मिनिटं निघून जातात. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नसेल आणि श्वास असा तुटक असेल, तर त्याला श्वास समजायचंच नाही. एकाने १०८ला फोन लावावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावा. दाब चालू असताना आचके वाढूही शकतात, कारण मेंदूच्या देठाला थोडंफार रक्त पोचू लागलेलं असतं. लोक नेमके तेव्हाच घाबरून हात काढतात. काढू नये.