शुगर, आई आणि अर्धी पोळी

'तुमचं वय बत्तीसच ना?' लॅबमधल्या मुलीने रिपोर्ट देताना विचारलं, तेव्हाच पोटात गोळा आला. उपाशीपोटी शुगर २८६, एचबीएवनसी ११.४. हा दुसरा आकडा म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांचा सरासरी हिशोब. ६.५ किंवा त्याच्या पुढे गेला की डायबेटिस. मी तर पार एक्स्प्रेस हायवेला लागलो होतो!

मार्च २०२३. इयर-एंडचं टेन्शन, हिंजवडीचं ट्रॅफिक आणि रात्री साडेअकराला क्लायंटचे कॉल. दोन महिन्यांत सहा किलो वजन आपोआप उतरलं होतं आणि ऑफिसात जो तो 'सही! जिम लावलीस का?' म्हणून विचारत होता. मीही जाम खूश. रात्री चार-चार वेळा उठतोय, बाटल्याच्या बाटल्या पाणी पितोय, मॉनिटरवरची अक्षरं धूसर दिसतायत, हे सगळं मी उन्हाळ्यावर ढकललं होतं.

तुम्ही म्हणाल, हल्ली डायबेटिस कुणाला नसतो? खरंय. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना तो आहे. पण आमच्या घरात तो नुसता आकडा नव्हता. बाबांना वीस वर्षं डायबेटिस होता. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल, आणि २०१६ मध्ये बाबा. त्यांचं ड्रेसिंग मी करायचो. रिपोर्ट हातात घेतला तेव्हा मला आकडे दिसलेच नाहीत, त्या ड्रेसिंगचा वास आला.

<b>'यात जेवण कुठंय?'</b>

डॉक्टरांनी दोन प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या आणि एक होमवर्क. आठवडाभर जे खाल ते लिहून आणा. मी प्रामाणिकपणे लिहिलं. सकाळी पोहे, ऑफिसात साखरेचे पाच चहा आणि बिस्किटं, डब्यात चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी वडापाव, रात्री वरण-भात. रविवारी साबुदाण्याची खिचडी.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला. 'यात जेवण कुठंय? हा नुसता स्टार्च आहे!'

गोड फारसं खात नाही, हा माझा डिफेन्स होता. तो एका मिनिटात कोसळला. पोळी काय, भात काय, साबुदाणा काय, पोटात गेल्यावर शेवटी सगळ्याचं ग्लुकोजच होतं. दिवसाला साधारण १०० ग्रॅम कार्ब्ज, एवढंच माझं बजेट ठरलं. मध्यम आकाराची एक पोळी म्हणजे १५-२० ग्रॅम, वाटीभर भात म्हणजे ३०च्या आसपास. माझी आधीची उधळपट्टी तुम्हीच मोजा.

हा फंडा काही नवा नाही. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागण्याआधी डॉक्टरांच्या हातात दुसरं फारसं काही नव्हतंच, पेशंटच्या पानातला स्टार्च आणि साखर काढून घ्यायची एवढंच.

घरी येऊन आईला सांगितलं. ती पोळ्याच लाटत होती.

'पोळी नाही तर मग खाणार काय? दगड?'

<b>लिफ्टमधला सीन</b>

पहिले दहा दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, मीटिंगमध्ये समोरच्या ताटलीतल्या सामोशाकडे टक लावून बघायचो. आई तिच्या परीने वाटा शोधत होती. साखरेऐवजी गूळ, पोळीऐवजी ज्वारीच्या दोन भाकऱ्या. गूळ म्हणजे साखरेचाच भाऊ आणि भाकरीतही स्टार्चच असतो, हे तिला पटवताना आमचं कडाक्याचं भांडण झालं. 'तुझ्या बाबांना मी वीस वर्षं भाकरीच करून घालत होते,' ती म्हणाली आणि स्वयंपाकघरातून निघून गेली.

मग मी शहाणपणा केला. १०० ग्रॅमने फरक पडतो, तर शून्याने किती पडेल! डॉक्टरांना न विचारता एके दिवशी पोळी, भात, डाळ, फळं सगळं बंद केलं. गोळ्या मात्र चालूच. त्यातली एक गोळी शरीराला जोर लावून इन्सुलिन सोडायला लावणारी होती. पानात कार्ब्जच नाहीत म्हटल्यावर ते इन्सुलिन करणार काय? दुपारी लिफ्टमध्ये हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, बोलताही येईना. सिक्युरिटीच्या काकांच्या घरी बहुतेक हे कुणाला तरी होत असावं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि आपल्या डब्यातल्या चहाच्या साखरेचं पाणी करून पाजलं. ज्या साखरेला मी महिनाभर शिव्या घालत होतो, तिनेच त्या दिवशी वाचवलं.

डॉक्टरांनी झाप झाप झापलं. गोळीचा डोस कमी केला आणि एक नियम घातला, पानात बदल करायचा तर आधी फोन.

<b>ताटाच्या कडेला</b>

त्या प्रसंगाने आई घाबरली आणि बदलली. आपलं वाढलेलं पान आठवा. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू. उजवीकडे भाजी, उसळ. आणि मधली जागा भात-पोळीची. आईने ती मधली जागा दुसऱ्यांना देऊन टाकली. पालेभाजी दुप्पट, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर वाडगाभर, दोन अंडी किंवा पनीर, बुधवार-रविवारी मासे नाहीतर चिकन, वर ताक. पोळी अर्धी, कडेला. मोड आलेल्या मटकीची उसळ वाटीभर, मोजून. ऑफिसच्या डब्यात बटाट्याच्या जागी कोबी नाहीतर दुधी आला. टीम लंचला मी तंदुरी चिकन घ्यायचो आणि नानच्या टोपलीकडे पाठ करून बसायचो.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.३. सहा महिन्यांनी ६.१, वजन ९१ वरून ७८ आणि गोळ्या हळूहळू बंद. त्यानंतरही तीन महिन्यांनी, एकही गोळी न घेता, ५.८! २०२१ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे, गोळ्या थांबवल्यावर किमान तीन महिने आकडा ६.५च्या खाली राहिला तर त्याला रेमिशन म्हणतात. बरा झाला असं म्हणत नाहीत. डायबेटिस दबा धरून बसलेला असतो, एवढंच.

आणि लो-कार्ब म्हणजे जादू नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट ट्रायलमध्ये कमी कॅलरीचे शेक पिऊन वजन उतरवलेल्या गटातले ४६ टक्के लोक वर्षभराने रेमिशनमध्ये होते, दोन वर्षांनी ३६ टक्के. लिव्हर आणि पॅन्क्रियाजमधली चरबी उतरली की गाडी रुळावर येऊ शकते, आणि आजार जितका नवा तितका चान्स जास्त. माझा नवा होता. टाइप वनवाल्यांनी, किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा गरोदर बायकांनी माझी कॉपी करू नये. मीसुद्धा बेफिकीर झालो, तर आकडा परत येईलच.

५.८ चा रिपोर्ट आईला दाखवला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला. मला वाटलं, आता देवापुढे साखर ठेवेल. पण ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, 'तुझ्या बाबांना मी रोज आग्रह करकरून वाढत होते रे.'

काय बोलणार? त्यांच्या डायबेटिसचं कारण आग्रहाची पोळी नव्हती. तपासण्या चुकवल्या, पायाची जखम लपवली, सिगारेट सोडली नाही. हे सगळं मी तिला सांगितलं. तिला किती पटलं, मला माहीत नाही.

यंदा होळीला तिने पुरणपोळी केली. माझ्या पानात चतकोर वाढली, वर तुपाची धार. दुसरी घे म्हणाली नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडलं. जेवणानंतर दोन तासांनी तीच मीटर घेऊन आली. १३२.

तुमच्या घरात कुणाला शुगर असेल, तर पुढच्या शनिवारी सकाळी उपाशीपोटी जाऊन टेस्ट करून या. नाश्त्याचे पोहे तासभर थांबतील.