काझीरंगाचा रस्ता

काझीरंगाला निघताना माझ्या मनात फक्त गेंडा होता, हे आपणांपासून लपवीत नाही. गुवाहाटीपासूनचा 200 किलोमीटरहून लांबचा पल्ला आणि दुपारची जीपफेरी चुकण्याची धास्ती, यांमुळे मी चालकाच्या मागे सारखी घाई लावली होती. उद्यानाची हद्द लागताच त्याने उलट वेग कमी केला. रस्ता मोकळा आणि गाडी रेंगाळणारी! मी चिडलो. त्याने उजवीकडच्या कार्बी आंगलाँगच्या टेकड्या दाखवल्या. “पुरात जनावरं तिकडे जातात. मधे हा रस्ता आहे.”

एवढ्याने माझे समाधान झाले नाही. फेरी चुकलीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही आगरातोलीला गेलो. आपण कधी गेलात, तर पक्ष्यांसाठी हाच भाग निवडा. तळ्याच्या काठी पेलिकन चोचीखालची झोळी सावरीत बसले होते. जायकवाडीला पाहिलेले पट्टकदंब हंस इथेही भेटले. पलीकडे गवतात एक मोठा खडक दिसला. त्याने कान हलवला. मग खडकामागून पिल्लू बाहेर आले, आणि कॅमेरा हातात असून मी तो उचलला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी इथे मोजकेच गेंडे उरले होते. 2022च्या गणनेत ते 2613 भरले. मला नवल वाटले ते सोबतच्या वनरक्षकाच्या बोलण्याचे. दर पावसाळ्यात ब्रह्मपुत्रा आत शिरते, जनावरे बुडतात. पण तळी भरते तीच, गाळ पसरते तीच. पूर आला नाही, तर झाडे माजतील आणि गवत हटेल. गवत हटले, की गेंडा कुठला? म्हणजे पूर हवा, आणि पुरातून उंचावर जायला वाटही हवी. पुराच्या दिवसांत या पट्ट्यात शिरताना वाहनांना वेळ नोंदवलेले पत्रक देतात. फार लवकर बाहेर पडणाऱ्याला दंड होतो.

परतताना मी चालकाजवळ पुढच्या आसनावर बसलो. आदल्या दिवशीच्या बोलण्याबद्दल काही म्हणावे, असा विचार होता. तोच आपणहून म्हणाला, “दोन वर्षांपूर्वी पुरात रात्री एक हरीण आलं. माझ्याच गाडीखाली. प्रवाशाला विमान गाठायचं होतं.”

“मग?”

“विमान मिळालं.”

बुरापहाड मागे पडेपर्यंत आम्ही दोघे रस्त्याच्या दोन्ही कडा पाहत राहिलो. पूर यायला अजून चार महिने होते.